सोलो गुणगुणता येत नसेल तर ती सर्कस

सहावी_तार

काल इथे फोरमवर एकाने रॉकमधल्या थोर गिटार सोलोंची, म्हणजे गाण्यात गिटार एकटी पुढे येते त्या तुकड्यांची, क्रमवारी लावली. निकष काय, तर सेकंदाला सूर किती. पिंक फ्लॉइडचं 'कम्फर्टेबली नम्ब', डेव्हिड गिल्मरच्या गिटारचं, त्यात नाहीच, कारण म्हणे 'गिल्मर दोन सूर लावून झोपवतो'. त्या एका वाक्याने माझी मात्र झोप उडाली, म्हणून हे लांबण.

माझं म्हणणं साधं आहे. सोलो ऐकून तास उलटला, गिटार हातात नाही, तरी तो तोंडाने म्हणता आला पाहिजे. आला तर तो सोलो. नाहीतर ती [शब्द काढला आहे, कारण खाली सापडेल].

ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवट घ्या. एकही शब्द नाही, पण कडवं पाठ असावं तसा लोक तो म्हणतात. का? कारण त्यांचे गिटारवाले फेल्डर आणि वॉल्श कॉर्डचा, म्हणजे खाली एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, हात सोडत नाहीत. बी मायनरनंतर एफ शार्प मेजर येतो. त्यातला ए शार्प हा सूर बी मायनर पेंटाटॉनिकच्या, म्हणजे ठरलेल्या पाच सुरांच्या, नेहमीच्या डब्यात नाही. डोळे मिटून डब्यात बोटं फिरवणारा तिथे हमखास आपटतो. शेवटी दोघं मिळून जे वाजवतात ते तर कॉर्डच आहेत, सूर सूर सुटे करून मांडलेले. लेड झेपलिनच्या जिमी पेजचंही तेच. 'स्टेअरवे टू हेवन'चा सोलो बहुतेक सगळा ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये आहे, पण खाली एफ कॉर्ड आला की पेज तो डब्याबाहेरचा एफ शोधून काढतो. आपल्याला कॉर्ड कळो न कळो, कानाला बरोबर कळतं की हा माणूस घरी पोचला.

वेगात धावताना असं कुठे पोचता येतं ते क्रमवारीवाल्यांनी सांगावं.

दोन_हात_फ्रेटवर

क्रमवारी माझी आहे, नाव घ्यायला लाजू नका.

एडी व्हॅन हेलनचं 'इरप्शन', 1978 चं. एक मिनिट बेचाळीस सेकंद. मी चौदा वर्षांचा असताना हेडफोनवर पहिल्यांदा ऐकलं आणि शेवटच्या टॅपिंगला (दोन्ही हातांची बोटं फ्रेटवर आपटून वाजवणं) मला खात्रीच होती की गिटारवाला थांबला आणि कीबोर्डवाला सुरू झाला. खरं कळल्यावर आठवडाभर मी गिटारला हात लावला नाही. लाजेने. ते आठवतं मला. तुमच्या निकषात ही आठवण बसत नसेल तर निकष बदला, आठवण बदलणार नाही.

आणि ते टॅपिंग म्हणजे काय हो? कॉर्डचे सूरच, सुटे करून वाजवलेले. फेल्डर-वॉल्शने केलं की 'घरी पोचला', व्हॅन हेलनने चौपट वेगात केलं की कसरत? गुणगुणणं हा गायकांचा निकष आहे. गिटारला घसा नसतो, म्हणून तर ती घशाला न जमणारं वाजवते.

ई_मायनर

दोघंही चुकताय. नील यंगचा 'सिनॅमन गर्ल', 1969. सोलो जवळजवळ एकाच सुराचा. चाल नाही, वेग नाही. गुणगुणायला गेलात तर घरचे डॉक्टरला बोलावतील. तरी एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. कारण तो सूर प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने येतो, थोडा मागे, थोडा पुढे, आणि खाली कॉर्ड बदलत राहतात.

मी सहा महिने तो एक सूर वाजवायचा प्रयत्न केला. माझा अलार्मसारखा वाजतो.

कोपऱ्यातला_बेस

'खाली कॉर्ड बदलत राहतात.' आपोआप बदलतात का ताई? खाली कुणीतरी उभं असतं. चालू द्या.

जुनी_कॅसेट

माझ्याकडे 'द वॉल', म्हणजे 'कम्फर्टेबली नम्ब' ज्यात आहे तो अल्बम, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर होता. 'कम्फर्टेबली नम्ब'चा दुसरा सोलो सुरू झाला की थोड्याच वेळात टेप संपायची. गिल्मरने तार वर ओढलेली, आणि खट्. मला सहा-सात वर्षं वाटायचं की गाणं तिथेच संपतं, मुद्दाम. केवढा धाडसी शेवट म्हणून मी लोकांना सांगायचो. पुढे पूर्ण रेकॉर्ड ऐकली तेव्हा तो सूर खाली उतरला आणि माझा विरस झाला. अजूनही मनात तो वरच लटकलेला आहे.

म्हणजे मला सोलो आठवतो तो वाजवणाऱ्यामुळे की टेप कमी पडल्यामुळे, देव जाणे. पण तार किती ओढायची, कुठे थांबून हलवायची, तो व्हायब्रॅटो, तिथे माणूस ओळखू येतो. वेग शिकवता येतो. ते नाही.

फेडर_वर

रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य गेलं म्हणून थोडं बोलतो. ज्या सोलोवर तुम्ही एवढे हळवे झालात तो त्या रूपात सलग कुणी वाजवलेलाच नव्हता. गिल्मरने पाच-सहा सोलो रेकॉर्ड केले, मग कागदावर मात्रांचे रकाने आखून कुठला तुकडा कुठल्या टेकमधला चांगला याच्या खुणा केल्या आणि मिक्सरवर फेडर (आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) वरखाली करत एक सोलो जुळवला. त्याने हे स्वतः सांगितलं आहे, लपवलेलं नाही.

एकच_टेक

मग संपलंच की सगळं. म्हणजे आपण ज्याला काळजातून आलेलं म्हणतो ते गोधडीकाम आहे. फंकाडेलिकचा 1971 चा 'मॅगट ब्रेन' ऐका. बँडप्रमुख जॉर्ज क्लिंटनने गिटारवाल्या एडी हेझलला सांगितलं, आई गेल्याची बातमी आत्ता आली असं समजून वाजव. एक टेक. दहा मिनिटं. क्लिंटनने मिक्स करताना बाकीचे वादकसुद्धा जवळजवळ पुसून टाकले. असा सोलो. कात्री आणि कागद घेऊन बसणारे शिंपी, वादक नव्हेत.

कोपऱ्यातला_बेस

'बाकीचे वादकसुद्धा पुसून टाकले' हे कौतुकाने सांगणारा पहिला माणूस आज भेटला.

सहावी_तार

@एकच_टेक, शिंपी हा शब्द मागे घ्या. कापड त्याचंच होतं. सगळेच टेक त्याच हातांनी वाजवलेले आहेत. लेखक खाडाखोड करतो तेव्हा तो खोटा ठरतो का?

एकच_टेक

लेखक स्टेजवर उभा राहून लिहीत नाही.

दोन_हात_फ्रेटवर

मजा आहे. काल आम्ही वेगवाले निर्जीव यंत्रं होतो, आणि आज कळतंय की भावनेचा महामेरू मिक्सरवर जुळवलाय. 'इरप्शन' मुळात व्हॅन हेलनचा हात मोकळा करायचा सराव होता. निर्मात्याच्या कानावर पडला आणि त्याने टेप चालू करायला लावली. सांगा आता, काळजातून काय आलं?

फेडर_वर

अहो, जुळवणं म्हणजे फसवणं नव्हे एवढंच माझं म्हणणं होतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची गंमत तर आणखी वेगळी. फेल्डरने घरी डेमो केला तेव्हा तो सोलो सुचेल तसा वाजवला होता. बऱ्याच महिन्यांनी मायामीत रेकॉर्डिंगला तो आणि वॉल्श नव्याने काहीतरी छेडायला लागले, तर बँडमधल्या हेन्लीने थांबवलं. डेमोसारखाच हवा. डेमो फेल्डरच्या घरी. मग त्याने घरकाम करणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी कॅसेट लावून रिसीव्हर स्पीकरजवळ धरला, आणि फेल्डर स्वतःचाच सोलो फोनवरून उतरवून पाठ करत बसला. आता हा उत्स्फूर्त म्हणायचा की घोकलेला?

माझा अनुभवही सांगतो. एका बँडच्या गिटारवाल्याचे चौदा टेक जोडून मी सोलो तयार केला. सुंदर झाला. कार्यक्रमात त्याला तो वाजवता येईना, तिसऱ्या ओळीतच गळपटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, 'याने माझा सोलो बिघडवला.' पैसेही अर्धेच दिले. तेव्हापासून मी प्रत्येक गिटारवाल्याला जोडलेला सोलो घरी नेऊन बसवायला लावतो, मगच मिक्स हातात देतो.

एकच_टेक

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं! त्याचा तो सोलो नव्हताच, तुमचा होता.

फेडर_वर

मग अर्ध्या पैशांचं काय, तुम्ही देता का?

ई_मायनर

पेजने 'स्टेअरवे'साठी तीन टेक वाजवले आणि त्यातला एक ठेवला. जोडाजोड नाही, पण दोन फेकलेच. फेकणं चालतं, जोडणं पाप? @एकच_टेक, तुमचा नियम नेमका किती टेकनंतर सुरू होतो?

एकच_टेक

ताई, टोमणे मारण्याआधी स्टेजवर एक सोलो वाजवून दाखवा.

ई_मायनर

अकरा वर्षं स्टेजवरच होते. तुम्ही खाली बसून 'हे जुळवलेलं नाही ना' म्हणून तपासत असाल.

जुनी_कॅसेट

भांडू नका रे. मी साधी कॅसेटची गोष्ट सांगितली तर हे महाभारत.

कोपऱ्यातला_बेस

आता मी बोलतो आणि मोठं बोलतो. दोन दिवस सुरांची संख्या, कात्री, काळीज सगळं झालं. सोलो *कधी* येतो हे कुणी विचारलंच नाही. 'स्टेअरवे' आठ मिनिटांचं गाणं. ड्रम्स चार मिनिटं उलटल्यावर येतात. सोलोसाठी जवळजवळ सहा मिनिटं थांबावं लागतं. तोवर ऐकणाऱ्याला तहान लागलेली असते, पेजने नळ सोडला तरी लोकांनी अमृत म्हटलं असतं. आणि सोलोभर खाली तेच ए मायनर, जी, एफ फिरत राहतं. बेसवर जोन्स आणि ड्रम्सवर बॉनम तो जिना धरून उभे आहेत म्हणून वरचा माणूस चढतोय.

'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये सोलो दोन. पहिला डी मेजरकडचा, कोरसच्या कॉर्डवर, उजेडातला. दुसरा कडव्याच्या बी मायनरवर. तेच हात, तीच गिटार, पण लोक रडतात दुसऱ्याला. जमीन बदलली म्हणून. जमीन कोण देतं?

आमच्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारवाल्याने सोलोच्या वेळी माझा बेस 'थोडा खाली' घ्यायला लावला. इतका खाली की माझ्या आईने विचारलं, तू त्या दिवशी आजारी होतास का?

दोन_हात_फ्रेटवर

हे मात्र मान्य. नाइलाजाने. 'इरप्शन' जवळजवळ एकटंच आहे, त्याच्याखाली जमीन नाही, म्हणून बिचारं सोलो म्हणून मोजतच नाहीत लोक. पण त्याच हातांनी 1982 मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'ला सोलो दिला, एक पैसा न घेता. वेग तोच, उड्या त्याच, खाली ठोका घट्ट. आणि तो माझी धाकटी बहीण, जिला गिटारच्या तारा किती हे माहीत नाही, तोंडाने 'टिरीटिरी' करत म्हणते.

@सहावी_तार, तुमच्याच निकषाने पास.

सहावी_तार

बहिणीला विचारा, सूर म्हणते की नुसता आवाज काढते.

दोन_हात_फ्रेटवर

विचारलं. म्हणाली, तुझ्यापेक्षा सुरात.

सहावी_तार

बरं. काल रात्री दार लावून 'इरप्शन'चं टॅपिंग म्हणून पाहिलं. कॉर्ड ओळखू येतात, नाही म्हणत नाही. सुरुवातीच्या चाळीसेक सेकंदांबद्दल माझं मत तेच आहे.

संपादन: मूळ मजकुरातला 'सर्कस' शब्द काढला. मत काढलेलं नाही.

दोन_हात_फ्रेटवर

शीर्षकात अजून आहे.

सहावी_तार

शीर्षक बदलता येत नाही. प्रयत्न केला.

एकच_टेक

म्हणजे पहिला टेकच राहिला ना शेवटी.