जर्मन पैशातून झालेले आमच्या डोंगरावरचे चर : यात नेता कोणाला म्हणायचं?

सिन्नरची_लेक

मंडळी, नमस्कार. मी मूळची सिन्नरची, सध्या जर्मनीत बॉनला शिकते. विषय आंतरराष्ट्रीय विकास सहकार्य. या सत्रात प्रत्येकाने या क्षेत्रातल्या एका नेत्यावर निबंध लिहायचा आहे. वर्गात जी नावं आली ती अपेक्षितच होती. नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, त्यांच्या आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या तर आम्हाला तोंडपाठ आहे. मग १९९९ साली नॉर्वेतल्या उटस्टाईन मठात एकत्र आलेल्या चार महिला मंत्री : जर्मनीच्या हायडेमारी विच्सोरेक-त्सॉइल, ब्रिटनच्या क्लेअर शॉर्ट, नेदरलँड्सच्या एव्हलीन हर्फकेन्स, नॉर्वेच्या हिल्डे जॉन्सन. 'आम्ही मदत देतो, पण यंत्रं आणि माणसं आमच्याकडचीच घ्या' ही अट बंद व्हावी म्हणून या चौघींनी जोर लावला. मला त्यांच्याबद्दल खरंच आदर आहे.

पण माझं आजोळ संगमनेर तालुक्यात, पठार भागात. घरामागच्या डोंगरावर ओळीने चर आहेत. लहानपणी आम्ही त्यात लपाछपी खेळायचो. आजी त्यांना 'जर्मनीवाल्यांचे चर' म्हणते. इथे येऊन वाचलं तेव्हा कळलं की तो भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, म्हणजे डोंगरउतारावरचं पाणी आणि माती अडवायचं काम. पैसा इथला, संस्था तिकडची, घाम गावाचा. मग निबंध कोणावर लिहू? आणि ती कामं टिकली का? जवळून बघितलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

निवृत्त_बँकवाला

ताई, पैशाचा मार्ग तेवढा मी सांगतो, कारण आयुष्यभर तेच केलं.

जर्मन सरकारचा पैसा त्यांच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेतून नाबार्डकडे, म्हणजे आपल्या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेकडे यायचा. पण गावाला तो एकदम मिळत नसे. पहिला टप्पा शिकण्याचा, साधारण वर्ष-दीड वर्षाचा. या टप्प्यात तांत्रिक साथ जीटीझेड या जर्मन सरकारच्या संस्थेची (२०११ पासून तिचं नाव जीआयझेड). गावाने लहानशा क्षेत्रावर काम करून दाखवायचं. समिती नीट चालते का, हिशेब ग्रामसभेत वाचला जातो का, हे बघूनच दुसऱ्या टप्प्याची मंजुरी. मग मात्र रक्कम थेट ग्राम पाणलोट समितीच्या खात्यावर. त्या काळी सरकारी योजनेचा पैसा गावकऱ्यांच्या सहीने निघतो ही गोष्ट आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या पचनी पडत नव्हती.

दुसरं एक लिहून ठेवा. १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून नाबार्डमध्ये २०० कोटींचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. निम्मे केंद्राचे, निम्मे नाबार्डचे. महाराष्ट्रात जर्मन पैशावर जी पद्धत बसली, ती मग आपल्याच पैशावर इतर राज्यांत गेली. परदेशी मदतीचं चीज झालं असं मी याला म्हणतो.

पठारावरचा

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलो. मी पाणलोट सेवक होतो. नव्वदच्या दशकात, बारावी होऊन घरी बसलेला, गावाने निवडलेला पोरगा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात आमच्याच लोकांच्या चुका आहेत.

तुम्हाला नाव हवं असेल तर पहिलं नाव फादर हर्मन बाखर यांचं. मूळचे स्वित्झर्लंडचे, जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू. १९४८ साली भारतात आले आणि कित्येक वर्षं नगर जिल्ह्यात राबले. दुष्काळ आला की धान्य वाटायचं, विहिरी खोदून द्यायच्या, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आणि दर दुष्काळात तीच गावं पुन्हा रांगेत उभी. डोंगर उघडा आहे तोवर विहीर भरणार नाही, हे ओळखून त्यांनी जर्मन सरकार आणि नाबार्डला या कार्यक्रमासाठी एकत्र आणलं. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली, गावांना आणि लहान संस्थांना तयार करण्यासाठी. जर्मनीने त्यांना मोठा नागरी सन्मान दिला. २०२१ साली ते गेले. माझी त्यांची कधी समोरासमोर भेट नाही, पण त्यांनी घालून दिलेल्या अटींखाली मी चार वर्षं राबलो, त्यामुळे माणूस ओळखीचा वाटतो.

अटी कडक होत्या. आधी चार दिवस सगळ्या गावाचं श्रमदान, मग बोलणी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. उसासारखं पाणी पिणारं पीक वाढवायचं नाही. कामात लोकांचा वाटा श्रमाने द्यायचा. आमच्याकडे पहिल्या दिवशी घरटी माणूस आला, दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी मी आणि सात जण. संस्थेचा माणूस आला, बघितलं, काही न बोलता गाडीत बसून गेला. गाव बिथरलं. 'आपल्याच डोंगरावर फुकट राबायचं आणि वर यांनी तोंड फिरवायचं' अशी भाषा सुरू झाली. दोन महिने सगळं बंद. मग पाण्याच्या टँकरवर दोन बायकांची हंड्यावरून मारामारी झाली, एकीचं डोकं फुटलं, आणि त्या रात्री लोक स्वतःहून देवळात जमले. पुन्हा पहिल्यापासून चार दिवस मोजले. त्या माणसाने त्या दिवशी आमच्यावर दया दाखवली असती तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं, असं मला आजही वाटतं.

काम कसं चालायचं ते सांगतो, निबंधात घाला. तीन काठ्यांचा ए-फ्रेम, मधे सुतळीला दगड बांधलेला. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय फिरवायचा, पुन्हा दगड थांबेपर्यंत वाट बघायची. पठारावर वारा असतो, दगड हलत राहतो, म्हणून आम्ही पहाटेच जायचो. फक्कीची पांढरी रेघ डोंगराला वळसा घालत जाताना बघितली की अंगावर काटा यायचा. त्या रेघेवर दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर, खालच्या बाजूला मातीचा भराव, भरावावर सीताफळ, ग्लिरिसिडिया, गवताचं बी. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी बंधारा बांधा म्हणून पुढारी मागे लागले होते, कारण बंधाऱ्यावर पाटी लावता येते. पण वरचं पाणी अडवल्याशिवाय खालचा बंधारा दोन पावसाळ्यात गाळाने भरतो.

शेतातलं नियोजन गटागटाने व्हायचं. प्रत्येक गटात जमीनमालक नवरा-बायको दोघं हजर पाहिजेत. कुठे बांध, कुठे झाड, दोघांच्या संमतीने. बायको नसेल तर आम्ही मोजणी न करता परत यायचो.

आता दुसऱ्या नेत्याबद्दल. ही माझी चुलती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिच्याकडे तीस शेळ्या होत्या आणि जमीन दीड एकर खडक. चराईबंदीचा ठराव वाचला तेव्हा ती ग्रामसभेत उभी राहिली. 'माझ्या शेळ्यांनी काय खायचं ते आधी लिहा, मग माझा अंगठा घ्या.' पंच म्हणाले, बस खाली. ती बसली नाही. तिच्यामागे धनगर आळी उभी राहिली, मग बाकीच्या शेळीवाल्या बाया. ज्यांच्याकडे बागायत त्यांना चराईबंदीने काही जात नव्हतं, जात होतं ते हिचं. तीन ग्रामसभा त्यावरच झाल्या. शेवटी डोंगराचे तुकडे पाडले. एक तुकडा चराईला खुला, बाकी बंद. बंद तुकड्यात शेळी न्यायची नाही, पण विळ्याने गवत कापून न्यायला पहिला हक्क ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा कमी आहे त्यांचा. मजुरीच्या यादीतही त्यांची नावं वर. चुलतीने वीस शेळ्या विकल्या, तेव्हा ती रडली होती. तिसऱ्या वर्षी तिने गाय घेतली.

जर्मनीहून पाहुणे आले तेव्हा आम्ही हार-तुऱ्यांची तयारी केली होती. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, मला बंधारा नको, विहीर दाखवा. वाकून पाणी बघितलं, मग दुभाष्याला घेऊन बायकांत जाऊन बसल्या आणि हिशेबाची वही मागितली. वही पुरुषांच्या कपाटात होती, किल्ली सचिवाकडे, सचिव तालुक्याला गेलेला. त्या दोन तास थांबल्या. वही आली, ती बायकांना मोठ्याने वाचून दाखवायला लावली, आणि मगच जेवल्या. त्यानंतर किल्ली महिला समितीकडे गेली. त्या बाईंचं नाव मला कधी कळलं नाही.

अकोल्याची_मास्तरीण

पठारावरचे दादा, फार मनापासून लिहिलंत. पण ताईंनी 'टिकलं का' असंही विचारलंय, त्याचं उत्तर राहिलं. आमच्या भागात अशाच एका गावात मी शिकवायला होते. पहिली सात-आठ वर्षं शाळेत पट वाढला, कारण ऊसतोडीला जाणारी कुटुंबं घरी राहू लागली. नंतर बोअर पडायला लागले, टोमॅटो आणि डाळिंब आलं, आणि उन्हाळ्यात पुन्हा टँकर. मुलं पुन्हा दिवाळीनंतर गायब. मला त्या पोरांची नावं अजून पाठ आहेत, म्हणून राहवत नाही. बाहेरून पैसा आणणारे पाणी साठवायला शिकवतात, पाणी वाटायला कोण शिकवणार?

पठारावरचा

मास्तरीणबाई, खरं आहे, आणि तेच मी टाळत होतो.

आमच्याकडे २००० नंतर प्रकल्प संपला. समितीची सभा आधी महिन्याला, मग सहा महिन्यांनी, मग नाहीच. देखभाल निधी बँकेत पडून राहिला, कारण सह्या करणाऱ्यांपैकी दोघं वारले आणि नाव बदलायला लागणारा ठराव कोणी केला नाही. चर गाळाने भरले, पन्नास-शंभर रुपये रोजाच्या काळात उपसायला जे लागलं असतं ते खात्यावर असून उपसले नाहीत. पहिला बोअर माझ्या सख्ख्या भावाने घेतला. मी अडवलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न होतं, कांद्याला भाव होता, मी गप्प बसलो. पाच वर्षांत गावात साठेक बोअर. आपल्याकडचा काळा पाषाण, भेगांमध्ये मावेल तेवढंच पाणी. खोल जाईल त्याला मिळतं आणि वरच्या विहिरी सुकतात. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्याकडे त्याच्या कितीतरी खाली गाडी जाते.

वाटपाचं शिकवणारी माणसं मात्र आपल्याकडे होती. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर न ठरवता माणशी ठरवायचं, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी बोअरबंदी केली, दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पीक ठरतं. दोन्ही ठिकाणं आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. आम्ही सहलीला गेलो, हुरडा खाऊन आलो, नियम आणला नाही. प्रकल्पाच्या कागदात बोअरचं कलम होतं, पण ते चुलतीच्या शेळ्यांसारखं तीन ग्रामसभा भांडून आलेलं नव्हतं. चराईचा नियम आमच्याकडे अजून पाळला जातो. बोअरचा एक वर्षही टिकला नाही.

ताई, निबंध फादर बाखर यांच्यावर लिहा, ते योग्यच आहे. पण चराईच्या ग्रामसभेला एक पान द्या.

सिन्नरची_लेक

सगळ्यांचे आभार. काका, तुमची दोन्ही उत्तरं दोनदा वाचली. इथे वर्गात विकास मदतीबद्दलच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यावर तीन तास चर्चा झाली, की विकासाची मालकी मदत घेणाऱ्याकडेच असली पाहिजे. तीन तासांत मला जे नीट कळलं नव्हतं ते तुमच्या किल्लीच्या गोष्टीत कळलं.

काल आजीला फोन केला. विचारलं, तुझ्या शेताचं नियोजन झालं तेव्हा तू होतीस का गं? म्हणाली, 'होते तर. माझ्या अंगठ्याशिवाय ते हलायला तयार नव्हते. तुझे आजोबा म्हणत होते आंब्यापासून बांध घ्या, मी म्हटलं आंबा मधे राहू द्या, खालून घ्या.' मला तो आंबा माहीत आहे. बांध खरोखर त्याच्या खालून जातो.

आणि म्हणाली, आता या दिवाळीला आलीस की वर चढून बघ, तिसरा चर पुरता बुजलाय.

पठारावरचा

दिवाळीला याल तेव्हा सांगा. दोन गावांत फार अंतर नसावं. फावडी माझ्याकडे आहेत, ए-फ्रेमही माळ्यावर आहे, फक्त सुतळी नवी लागेल. चुलतीला घेऊन येतो.