रविवारची मिस्सा आणि रविवारचा सामना

प्रश्न (ठाणे पश्चिम):
तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आम्ही दर रविवारी सकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) जातो. यंदा मुलाचे फुटबॉलचे सामने नेमके त्याच वेळी आहेत. त्याहून खटकते ते वेगळेच: गोल केल्यावर तो क्रुसाची खूण करतो आणि गुडघ्यावरचा चिखल वाळायच्या आत तो फोटो इन्स्टाग्रामवर चढलेला असतो. याला श्रद्धा म्हणावे की दिखावा?

उत्तर (वाशी):
कॅथलिक नियमानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, त्यामुळे पहिला पेच सुटतो. तरीही मुलाला धावपटू एरिक लिडेलबद्दल जरूर सांगा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्याने ती शर्यत सोडली, ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले आणि पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. अर्थात तो प्रॉटेस्टंट होता आणि रविवार फारच काटेकोरपणे पाळत असे.

उत्तर (नेरूळ):
बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दार लावून, एकांतात प्रार्थना करायला सांगितले आहे, तर पाचव्यात दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवायला. त्यामुळे मुलाला एकदम दोषी धरू नका. फक्त सामना हरल्यावरही तो ती खूण करतो का, हे पाहा.

प्रश्नकर्ता:
परवा ते ०-३ ने हरले. खूण त्याने केली. फोटो मात्र टाकला नाही.