संकलन केंद्रावर फॅटसोबत औषधही तपासावं का?

धागाकर्ती, भूम
मागच्या पावसाळ्यात आमच्या म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली. तीन दिवस ऑक्सिटेट्रासायक्लिनची, म्हणजे टेट्रासायक्लिन कुळातल्या जंतुनाशक औषधाची, इंजेक्शनं झाली. दूध केंद्रावर जातच होतं, कुणी विचारलं नाही. घरी ठेवलेल्या त्याच दुधाला आईनं विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं, पातळ. विरजणाचे जंतू त्यात वाढलेच नव्हते. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, केंद्रानं औषधही बघावं.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. ही तपासणी कार्बन डॉटनं करता येईल. कार्बन डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे कण, अतिनील दिव्याखाली निळे चमकतात. त्यांच्यावर युरोपियम हा धातू बसवला की टेट्रासायक्लिन त्याला धरतं आणि निळी चमक लालकडे झुकते, साध्या डोळ्यांना दिसेल इतकी. दुधातल्या टेट्रासायक्लिनसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा लिटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. हिशोब करा: 1 ग्रॅम औषध 10 हजार लिटर दूध त्या रेषेवर नेतं!

दूध उत्पादक, आष्टी
ताई, तो दिवा लागणार आमच्याच किटलीवर. लाल दिसलं की दूध परत. सुई देणारा किती दिवस दूध घालू नका हे सांगत नाही, चिठ्ठी तर लांबच. माझी पेंडीची उधारी दुधाच्या पगारावर फिटते. आधी चिठ्ठीवर तारीख लिहायला लावा.

प्रयोगशाळेत काम करतो, संभाजीनगर
माझाही विरोध, कारण वेगळं. दुधातली चरबी आणि प्रथिनं प्रकाश विखुरतात. आधी आम्ल घालून ती खाली बसवावी लागतात, वरचं निवळ घ्यावं लागतं. सकाळी सहाच्या रांगेत हे कोण करणार? शिवाय युरोपियमवाली चाचणी टेट्रासायक्लिनच्या कुळापुरती. पेनिसिलिन निसटेल आणि लोक म्हणतील, दूध चोख आहे. जंतूंवर चालणारी जुनी चाचणी बरी: जांभळ्याचा पिवळा झाला की जंतू वाढले, औषध नाही.

धागाकर्ती
त्या चाचणीला तीनेक तास लागतात हो. तोवर टँकर निघालेला असतो, एका किटलीतलं औषध सगळ्यांच्या दुधात मिसळलेलं. आणि आमच्याकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. चार-पाच लिटर आटवून किलोभर खवा. पाणी उडतं, पण उकळीनं सगळं औषध जात नाही. पेनिसिलिनचा मुद्दा मान्य, त्याला वेगळा सेन्सर लागेल. दादा, चिठ्ठीवर तारीख पाहिजेच, त्यात दुमत नाही.

दूध उत्पादक, आष्टी
मग औषध चालू आहे म्हणून स्वतःहून सांगणाऱ्याला त्या दिवसांचे निम्मे पैसे तरी द्या. खरं बोललं की नुकसान, असं असेल तर कोण बोलेल? ते होईपर्यंत माझा विरोधच.