बँक खातं आणि चुन्याची रेघ
गावातल्या पाणी अडवण्याच्या कामांबद्दल ‘बाहेरची संस्था मध्ये आली की काम तिचं होतं, गावाचं राहत नाही’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. बँक खात्यावर सह्या कुणाच्या, यावर बरंच ठरतं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात (पाणलोट म्हणजे ज्या शिवाराचं पाणी एका ओढ्याला मिळतं तो भाग) १९९३ला नगरमध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था आधी गावाची तयारी करून घ्यायची, मोठ्या कामाचा पैसा पुढे नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेकडून यायचा. पण तो संस्थेच्या एकटीच्या हातात नसे. ग्राम पाणलोट समिती आणि संस्था यांचं संयुक्त खातं असायचं. आणि गावानं आधी श्रमदान, चराईबंदी (मोकाट गुरं चारायची नाहीत), कुऱ्हाडबंदी (झाडं तोडायची नाहीत) कबूल करायची, मगच पुढचं.

माझ्या मामाच्या गावात कामं ठरवायला शेतं फिरून बघायची शिवारफेरी झाली तेव्हा मी बरोबर होतो. प्रत्येक गट नंबरात, म्हणजे शेताच्या तुकड्यावर, नवरा-बायको दोघांनाही उभं करायचे. पाण्याच्या नळीनं समपातळी काढून बांधासाठी चुन्याच्या फक्कीची रेघ टाकली, तशी मामी म्हणाली, “पाणी दरसाल ह्या कोपऱ्यातून फुटतं, सांडवा इकडं काढा.” सांडवा म्हणजे बांधावरचं जादा पाणी बाहेर काढायची वाट. अभियंत्यानं नकाशात तिथल्या तिथं बदल केला. तो सांडवा आजही तिथंच आहे, बांध एकदाही फुटलेला नाही.