मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये भाज्यांच्या नूडल्सचा लगदा होतोय, बाबांच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न आहे

नमस्कार मंडळी,

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कोलंबसला (ओहायो) आले आहेत. वय 78, मधुमेह आहे. डॉक्टरांनी पोळी-भात कमी करून भाज्या वाढवायला सांगितल्यात. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळी साडेपाचला घरी. सांगलीला मागच्या वर्षी गॅस चालू ठेवून बाबा दोनदा फिरायला निघून गेले होते, त्यामुळे शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलंय. त्यांना ते पटतं, पण मनाला लागतंच. फ्रिजमधलं गरम करून खाणंही त्यांना नको वाटतं. दुपारचं जेवण ताजं आणि गरम असावं, एवढीच त्यांची अपेक्षा आहे आणि ती मला पुरी करायची आहे.

म्हणून स्लो कुकर (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) काढला. पावणेसातला 'लो'वर (मंद आचेवर) सहा तास लावते, पावणेएकला तो आपोआप 'वॉर्म'वर (नुसतं गरम ठेवण्यावर) जातो, एकला बाबा झाकण उघडून वाढून घेतात. बेस छान जमलाय: एक वाटी मसूर डाळ, दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, गोडा मसाला, अडीच वाट्या पाणी. कांदा-लसणाची फोडणी सकाळी कढल्यात वेगळी करून वरून ओतते, कारण स्लो कुकरमध्ये कांदा परतला जात नाही, नुसता शिजतो आणि उग्र लागतो.

अडलंय ते पोळी-भाताऐवजी घालायच्या नूडल्सपाशी. भाज्यांचे नूडल्ससारखे लांब दोरे काढणारा स्पायरलायझर आणलाय. पहिल्यांदा दोन झुकिनींच्या (काकडीसारखी दिसणारी भाजी) नूडल्स सकाळीच आत टाकल्या. त्या दिवशी मी योगायोगाने दुपारी घरी आले. बाबा टेबलाशी बसून चमचा ताटलीच्या काठाला टेकवत होते, पाणी निथळलं की घास तोंडात. ताटलीत हिरवट पाणी आणि त्यात सालाचे दोरे. "बरं झालंय गं," म्हणाले आणि सगळं संपवलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा मीठ लावून अर्धा तास ठेवल्या, धुऊन पंचात घट्ट पिळल्या. पाणी कमी झालं, पण सहा तासांनी नूडल म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मग गाजर. ते टिकलं, पण सगळी आमटी गोड झाली. रताळंही टिकेल, पण मधुमेहात रोज रताळं द्यायचं मनाला येत नाही.

नेटवर बघावं तिथे एकच उत्तर: शेवटच्या पंधरा मिनिटांत नूडल्स घाला. पण साडेबाराला घरात फक्त बाबा असतात! शिवाय ते तासातासाला झाकण उघडून बघतात. स्वयंपाक होतोय आणि आपण बघायचं नाही, हे त्यांना जमत नाही.

तर विचारायचंय असं:
कुठल्या भाजीच्या नूडल्स सहा तास तग धरतील? की त्या शिजवायचीच पद्धत बदलू? आणि पोट भरावं म्हणून मसुराऐवजी भिजवलेला राजमा घातला तर चालेल का?

प्रतिसाद

राजम्याचं आधी सांगते, ते महत्त्वाचं आहे. भिजवलेला कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालू नकोस. त्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि लोवर तेवढं तापमान मिळेलच असं नाही. उलट्या-जुलाब होतात, या वयात ते फार त्रासाचं. भिजवलेलं पाणी टाकून दे, ताज्या पाण्यात अर्धा तास नीट उकळ आणि मगच घाल. दुकानातला हवाबंद डब्यातला (कॅनमधला) राजमा शिजलेलाच असतो, तो चालतो. मसूर डाळीला ही भानगड नाही, रोजच्यासाठी तीच बरी.

झुकिनीत 94-95 टक्के पाणी असतं. स्लो कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे ते सगळं पाणी आमटीतच उतरतं. झुकिनी सहा तास आत ठेवायची कल्पना सोडून दे. कच्च्या नूडल्स डब्यात, खाली-वर कागदी टॉवेल घालून फ्रिजमध्ये ठेव. बाबांनी त्या खोलगट ताटलीत घ्यायच्या आणि वर दोन डाव गरमागरम आमटी ओतायची. पाच मिनिटांत हव्या तेवढ्या मऊ होतात.

प्रतिसाद

ताई, नवलकोल करून बघा. गाजराइतका गोड नाही आणि झुकिनीसारखा विरघळत नाही. जाड पातं लावायचं, आणि नूडल्स आमटीत बुडवायच्या नाहीत. बेकिंगच्या कागदाची सैल पुरचुंडी करून आमटीच्या वर ठेवायची, म्हणजे नुसत्या वाफेवर शिजतात. साल मात्र खोल काढा, खालचा पांढरा दोराळ थरही. तो राहिला तर कितीही शिजवा, चोथा तोंडात राहतो.

तुमच्याकडे स्पगेटी स्क्वॉश (शिजल्यावर आतून शेवयांसारखे धागे निघणारा भोपळा) मिळत असेल तर प्रश्नच मिटला. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून अख्खा स्लो कुकरमध्ये ठेवायचा, कपभर पाणी, लोवर चार ते सहा तास. शिजल्यावर आडवा कापायचा, उभा नाही, कारण त्याचे धागे गोल फिरलेले असतात, आडवा कापला की लांब निघतात. रविवारी करून ठेवला की तीन दिवस जातो.

झाकण एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाबांनी चारदा उघडलं तर तासभर गेला. काचेचं झाकण असेल तर न उघडता काचेतूनच बघायला समजावून सांगा. आणि कुकर निम्म्याहून कमी भरू नका, कडेला करपतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. राजम्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, उद्याच करणार होते.

झुकिनीचा उपाय सोपा आहे, पण डबा फ्रिजमधून काढायचं बाबांच्या लक्षात राहील याची खात्री नाही, म्हणून आधी नवलकोल केला. दोन मध्यम नवलकोल, कागदाची पुरचुंडी, आमटीत पाणी दोनच वाट्या. झाकणावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली: "बाबा, काचेतून बघा. एक वाजता उघडा." उघडताना वाफ अंगावर येऊ नये म्हणून शेजारी चिमटा आणि जाड फडकं ठेवलं.

पावणेदोनला फोन आला. "नवलकोल आहे ना? आपल्याकडे भाजीत असते तशी चव आली." मग म्हणाले, की साडेअकराला एकदा उघडलं, पण लगेच लावलं.

नूडल्स अख्ख्या होत्या, संध्याकाळी उरलेल्या मीही खाल्ल्या. मधल्या थोड्या कच्च्या वाटल्या. नूडल्स एकावर एक रचण्याऐवजी पुरचुंडी पसरट करावी, की दोन छोट्या कराव्यात? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. स्पगेटी स्क्वॉश शनिवारी आणतेय.