सन 1975ची एमजीबी: सस्पेंशन खाली घ्यावे की आहे तसेच ठेवावे?

मामांची_गाडी (अमळनेर)

नमस्कार. मामांच्या पश्चात माझ्याकडे आलेली 1975 सालची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची, उघड्या टपाची दोन आसनी गाडी) गेल्या दोन वर्षांत मी हळूहळू रस्त्यावर आणली. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांची कामे आटोपली असून आता प्रश्न उरला आहे तो उंचीचा. अमेरिकेतील बंपरच्या उंचीच्या नियमासाठी 1974च्या उत्तरार्धात या गाड्यांना काळे रबरी बंपर आले आणि त्याच वेळी गाडी इंच-दीड इंच वर उचलली गेली, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती पोकळी मला फार खुपते. बाजूने पाहताना गाडी पाण्यातून धोतर वर धरून चाललेल्या गृहस्थासारखी दिसते. शिवाय कन्नड घाटातल्या वळणांवर ती इतकी कलते की शेजारी बसलेली व्यक्ती नकळत दाराचा आधार घेते.

पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंगा) व ॲक्सल यांच्यामध्ये एक इंचाचे ठोकळे घालावेत, असा माझा विचार आहे. गाडी मुख्यतः रविवारी सकाळी पारोळा-धुळे बाजूला जाते आणि वर्षातून दोन-तीनदा चाळीसगावमार्गे घाट चढते. जमिनीपासून सर्वांत कमी अंतर सायलेन्सरच्या पाइपाखाली भरते, ते 125 मिमी आहे. आपला सल्ला काय?

कमानपाटा (भुसावळ)

आपल्या वयाचा असताना मीही हा उद्योग केला होता, फरक इतकाच की माझी गाडी प्रीमियर पद्मिनी होती. आखूड स्प्रिंगा कुठे मिळणार म्हणून एका गॅरेजात पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅसने कापून घेतला. मिस्त्रींनी काम तासाभरात उरकले आणि गाडी दिसायला खरोखर देखणी झाली. पुढच्या आठवड्यापासून मात्र प्रत्येक खड्ड्यात कापलेले टोक बैठकीवर सरकून कटकट आवाज करू लागले आणि महिन्याभरात यावलच्या रस्त्यावर, केळीच्या ट्रकला बाजू देण्यासाठी साइडपट्टीवर उतरलो असता, ऑइलचे चेंबर दगडाला लागून फुटले. पाण्याच्या रिकाम्या डब्यात गळते ऑइल धरत मी दीड तास बसून होतो, ही गोष्ट घरी आजही लग्नकार्यात सांगितली जाते.

कापल्याने स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ती कडकही होते. काम करणारे वेढे आठ असतील आणि त्यांतला एक गेला, तर कडकपणा आठास सात या प्रमाणात, म्हणजे सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो, आणि गॅसच्या आचेने त्या भागाचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो, ते वेगळेच. म्हणून घ्यायच्याच असतील तर त्या गाडीसाठी तयार केलेल्या आखूड स्प्रिंगा घ्याव्यात. कापण्याचा विचार मनातही आणू नये.

ठोकळ्यांविषयीही सांगतो. ॲक्सलला पाटा बांधणारे यू-बोल्ट लांब लागतात, बंपस्टॉपपर्यंतची (ॲक्सल वर आदळू नये म्हणून असलेल्या रबरापर्यंतची) हालचाल तेवढीच कमी होते आणि ॲक्सल पाट्यापासून दूर गेल्याने जोर दिल्यावर पाटा पिळवटण्याची सवय वाढते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात नि उन्हाळ्यात बसतात. डांबर वरून गुळगुळीत दिसत असले तरी गाडी होडीसारखी वरखाली होते. तेथे हालचाल कमी केलेली मागची बाजू सारखी ठोकर खाणार.

त्रिज्या_सतरा (धुळे)

मी थोडे गणित मांडतो, कारण या विषयात बहुतेक निर्णय डोळ्यांनी होतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा हवा. एमजीबीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर सुमारे 2.31 मीटर आहे. इतक्या रुंद उंचवट्यावर दोन्ही चाके चढलेली असताना मधला फुगवटा पोटाकडे जेमतेम 4 सेंमी येतो, म्हणजे 125 मिमीतून इंचभर वजा केला तरी गाडी आरामात पार होईल. अडचण आहे ती गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या, दोन फूट रुंद आणि वीतभर उंच बांधांची. असा बांध दोन चाकांच्या मध्ये सापडला की त्याची पूर्ण उंची पोटाला भिडते. तेथे आपली गाडी आजच घासत असणार. 100 मिमीवर आणल्यास दहा सेंमीचा अरुंद बांधही चुकवता येणार नाही. रविवारच्या वाटेवरचे असे बांध एकदा टेप घेऊन मोजून या, निम्मा निर्णय तेथेच होईल.

आता कलण्याकडे वळू. गाडीचे वजन 1000 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सव्वा मीटर धरले, तर अर्ध्या जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) इतक्या जोराच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 200 किलो भार सरकतो. गाडी 25 मिमी खाली घेतली की तो 190 होतो. या दहा किलोंसाठी एवढा खटाटोप करावा का, हे आपणच ठरवावे. शिवाय खाली घेताना पुढच्या आर्म्सचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलून रोल सेंटरही (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) उतरते, त्यामुळे कलण्यातला लाभ अपेक्षेपेक्षा कमीच पडतो.

आपल्या गाडीच्या कलण्याचे मुख्य कारण मला वेगळे वाटते. गाडी उंच केली त्याच वेळी ब्रिटिश लेलँड या उत्पादक कंपनीने रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार (कलणे कमी करण्यासाठी डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी दांडी) काढून टाकला होता आणि तक्रारींनंतर 1977च्या मॉडेलपासून तो पुढे व मागे असा दोन्हीकडे दिला. आपली गाडी नेमकी मधल्या काळातली आहे. आधी पुढचा बार बसवून घाट उतरून पाहावा, आणि उंचीचा विचार त्यानंतर करावा.

सातपुडा_पायथा (शहादा)

कागदांविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील अशा बदलांना मनाई करते. गाडीची पहिली नोंदणी होऊन 50 वर्षे झाली असल्यास 2021च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. स्प्रिंगांचा त्यात थेट उल्लेख नसला तरी मी आपल्या जागी असतो तर मूळ स्प्रिंगा, यू-बोल्ट आणि बंपस्टॉप ग्रीस लावून माळ्यावर जपून ठेवले असते.

मामांची_गाडी (अमळनेर)

सर्वांचे आभार. काल टेप घेऊन बसलो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजले, तेव्हा मागची उजवी बाजू डावीपेक्षा 18 मिमी खाली निघाली. मामा वर्षानुवर्षे एकटेच गाडी चालवत, त्यामुळे त्यांच्या बाजूचा पाटा सपाट झाला असावा. गाडीखाली शिरलो तेव्हा सायलेन्सरच्या पाइपावर वीतभर लांब, चकाकणारा घासल्याचा पट्टा दिसला. धुळ्याच्या भाऊंचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. पुढच्या डाव्या लिव्हर शॉकअपचे झाकण उघडून पाहिले, तर आत ऑइल जवळजवळ नव्हतेच. या गाडीत वरचा आर्म म्हणजे शॉकअपचाच हात असल्याने तो ढिला पडला की सगळे चाकच डुलते.

म्हणून मूळ उंचीचे नवे पाटे, दुरुस्त केलेले शॉकअप आणि पुढचा अँटी-रोल बार एवढेच काम सध्या करायचे ठरवले आहे. पोकळी मात्र खुपतेच, ते लपवत नाही. दिवाळीनंतर घाट उतरून आलो की आखूड स्प्रिंगांचा विषय पुन्हा काढीन.

कमानपाटा (भुसावळ)

उत्तम. पाटे बसवताना एक लक्षात ठेवा: पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावावेत आणि ती चारही चाकांवर उतरवून, थोडी हलवून, मगच आवळावेत. लोंबत्या पाट्यावर आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात एका हंगामात फाटतात. मिस्त्री घाई करतील. आपण शेजारी उभे राहावे.