गोळ्या, तांबी, इंजेक्शन बंद केल्यानंतरची पाळी: आपापले अनुभव

गप्पांच्या पानावर हा विषय निघतो आणि वाहून जातो, म्हणून वेगळा धागा. बाळासाठी प्रयत्न सुरू करताना गर्भनिरोधक थांबवलं, पुढे पाळीचं काय झालं ते लिहा. टोपणनाव चालेल, गाव-पेठ नाही सांगितली तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. लग्नानंतर बरीच वर्षं माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. पाळी इतकी वक्तशीर की कॅलेंडर बघायची गरज नव्हती. गोळ्या थांबवल्या आणि तारीख उलटून गेली तरी पत्ता नाही. किट निगेटिव्ह. सासूबाईंचा निकाल तयार होता: 'एवढी वर्षं गोळ्या खाल्ल्या, पिशवी सुकली असणार.' कर्वे रोडवरच्या आमच्या डॉक्टरांनी पाकीटच पुढे ठेवून समजावलं. पहिल्या २१ गोळ्या हार्मोनच्या, शेवटच्या ७ लोहाच्या. हार्मोन थांबलं की अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. त्या महिन्यात बीज बनलेलंच नसतं, म्हणजे इतकी वर्षं जी येत होती ती खरी पाळी नव्हेच. गोळीचा अंमल काही दिवसांत उतरतो. स्वतःचं चक्र बसायला मात्र दोन-तीन महिने लागू शकतात. तीन महिने काहीच आलं नाही तर या, म्हणाल्या. त्याआधीच आली, पोटदुखीसकट. ती पोटदुखी मी विसरूनच गेले होते.

हडपसरकर
मोठीच्या वेळी बाळंतपणानंतर महापालिकेच्या दवाखान्यात अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होते. दर तीन महिन्यांनी, फुकट. आधी मधूनमधून डाग, मग पाळी बंदच. दुसऱ्याचा विचार केला तेव्हा सिस्टरनी सांगितलं, 'ताई, याचा असर रेंगाळतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने धरा.' तसंच झालं. घरचे मात्र दर महिन्याला विचारायचे. ज्यांना लवकरच चान्स घ्यायचाय त्यांनी इंजेक्शन घेण्याआधीच हा हिशोब करावा, एवढंच सांगेन.

तांबीवाली
माझं दोन ओळींत. तांबी काढली, पुढची पाळी आली (अंगावरून जाणं एकदम कमी झालं, हाच मोठा आनंद), त्याच्या पुढची आलीच नाही, दिवस राहिले. तांबीत हार्मोन नसतं, बीज दर महिन्याला बनतच असतं.

वाकडहून
माझी कथा लांबडी. कॉलेजात पाळी अनियमित होती, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सगळं सुरळीत दिसू लागलं. बंद केल्यावर जुनं दुखणं वर आलं: पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या गडबडीमुळे बीज वेळेवर न फुटणं. गोळ्यांमुळे झालं नव्हतं, झाकलं गेलं होतं.

ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज कधी फुटेल ते लघवीतून सांगणाऱ्या पट्ट्या मागवल्या. हिंजवडीच्या ऑफिसात दुपारी पर्समध्ये कागदी कप लपवून वॉशरूम गाठायचं, पट्टी बुडवायची, दारावर टकटक झाली की मीटिंगला पळायचं. रेघ रोजच गडद! खरं तर एलएच (बीज फुटायचा इशारा देणारं हार्मोन, पट्टी तेच मोजते) चढलं की २४ ते ३६ तासांत बीज फुटतं, पण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं, मग पट्टी उगाच आशा लावते. शेवटी फॉलिक्युलर स्टडी केली, म्हणजे बीजाची वाढ बघायला पुन्हापुन्हा सोनोग्राफी; तीत बीज वाढताना दिसलं तेव्हा खात्री पटली.

आणखी एक. एका लॅबवाल्याने २१व्या दिवशीच प्रोजेस्टेरॉनची (बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन) रक्ततपासणी करा असा आग्रह धरला. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या चक्राचा हिशोब. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण ७ दिवस आधी हवी. माझं चक्र चाळीसेक दिवसांचं, मी नकार दिला.

बायकोच्या आयडीवरून
तिच्या रक्ताच्या तपासण्यांची फाइल जाड झाली तरी माझी वीर्यतपासणी कुणी सुचवली नव्हती. ती सोपी आहे, सुरुवातीलाच करून टाका. लाजू नका रे.

नवीन सभासद
छाया ही गर्भनिरोधक गोळी कुणी घेतली आहे का? ती आठवड्याला एकच असते ना?

धागाकर्ती
@नवीन सभासद, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. माझ्या बहिणीने घेतली. ती हार्मोनची गोळी नाही, तरी चालू असताना तिची पाळी लांबायची. बंद केल्यावर फार थांबावं लागलं नाही. आणि प्रयत्न सुरू करण्याआधीच फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून घे, रोज ४०० मायक्रोग्राम हा नेहमीचा डोस. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने वाट बघून डॉक्टरकडे जा. पाळी आधीपासूनच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नकोस. तुझं वय काय?